गुटेनबर्गचे चरित्र गावच्या वाचनालयात कसे उलगडून दाखवावे

१५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, मराठवाड्यातील बहुतेक शाळांत आणि वाचनालयांत पुस्तकांचे प्रदर्शन मांडले जाते, एखाद्या पाहुण्याचे भाषण होते आणि मुले घरी जातात. पुस्तक वाचावे, हे त्या दिवशी अनेकांच्या तोंडून ऐकायला मिळते. परंतु पुस्तक नावाची वस्तू सामान्य माणसाच्या हाती येण्याइतकी स्वस्त कशी झाली, हे सांगणारा क्वचितच भेटतो. युरोपातील छपाईचा जनक मानल्या जाणाऱ्या योहानेस गुटेनबर्गचे चरित्र त्यासाठी उत्तम आहे. मात्र ते नुसते भाषणातून सांगितले, तर जन्म, शोध आणि मृत्यू अशा तीन वाक्यांत आटोपते आणि मुलांच्या लक्षात राहतो तो चित्रातला दाढीवाला माणूस. गेली काही वर्षे मी हा विषय बीड आणि लातूर जिल्ह्यांतील छोट्या वाचनालयांत अडीच तासांच्या कार्यक्रमात मांडत आलो आहे. सातवी ते दहावीची वीस-पंचवीस मुले, दोन मोठी माणसे आणि एक मोकळी खोली एवढ्यावर तो होतो. शासनाच्या वर्गवारीतल्या सर्वांत लहान, ‘ड’ वर्गाच्या वाचनालयालाही खर्च झेपतो.

दाढीवाल्या चित्राचा उल्लेख केलाच आहे, तर ते भिंतीवर लावू नये, हे आधी सांगतो. गुटेनबर्गचे हयातीत काढलेले एकही चित्र नाही. ते प्रसिद्ध रेखाचित्र त्याच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १५८४ साली, पॅरिसमध्ये छापलेल्या एका चित्रसंग्रहात आले आणि चित्रकाराने ते कल्पनेने काढलेले होते. १५८४ हे साल फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावे, कारण थोड्याच वेळात ते पुन्हा लागणार आहे.

सुरुवात नकलेपासून

चरित्राकडे वळण्यापूर्वी, छपाई नसताना पुस्तक कसे तयार होत असे, हे मुलांना हाताने करून पाहू द्यावे. पाच मुलांना एका ओळीत बसवावे. पहिल्याला जुन्या मराठीतील आठ-दहा ओळींचा अपरिचित उतारा द्यावा, दुसऱ्याने फक्त पहिल्याची प्रत पाहून लिहावे, तिसऱ्याने दुसऱ्याची, आणि असेच पाचव्यापर्यंत जावे. प्रत्येकाला सहा मिनिटे पुरतात. बाकीच्या मुलांना तोवर कागदाचे काम द्यावे, त्याविषयी पुढे लिहिले आहे. पाचवी प्रत मूळ उताऱ्याशेजारी ठेवून फरक मोजायला सांगावे. अनुस्वार गळालेला असतो, एखादा अनोळखी शब्द ओळखीचा होऊन बसलेला असतो, आणि एखादी ओळ तर पूर्णच नाहीशी झालेली असते.

इथे पैठण आणावे. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची निरनिराळी हस्तलिखिते जमवून पाठ शुद्ध केला, तो याच कारणासाठी: तीन शतके नकला होत होत मूळ ग्रंथात अपपाठ शिरले होते. शके १५०६ म्हणजे इसवी सन १५८४. फळ्यावरचे साल इथे दाखवले की मुले आपोआप सरसावून बसतात. नाथांनी पाठ शुद्ध केल्यावर, यापुढे कोणी आपली ओवी यात घालू नये, असे बजावून ठेवले. परंतु पुढची प्रत पुन्हा हातानेच उतरवायची असल्याने ते बजावणे पाळले जाईल, याची खात्री त्यांनाही देता येण्यासारखी नव्हती. अंबाजोगाईच्या जवळपास कार्यक्रम असेल, तर दासोपंतांची पासोडी सांगावी. कापडावर लिहिलेला तो ग्रंथ सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद आहे, आणि पंतांना लिहायला रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे, ही आख्यायिका तिथल्या आजीआजोबांना पाठ असते. एवढे अफाट लिहिणारा माणूस असूनही त्याची दुसरी प्रत करायला तितकेच अफाट श्रम पडणार, हा मुद्दा मुलांकडूनच काढून घ्यावा.

माइन्झ, टांकसाळ आणि आरसे

आता चरित्र सुरू करावे, आणि ते उभे राहून न सांगता मुलांमध्ये बसून सांगावे. गुटेनबर्गचा जन्म साधारण १४०० च्या सुमारास जर्मनीत, ऱ्हाइन नदीकाठच्या माइन्झ शहरात झाला. वडील फ्रीले गेन्सफ्लाइश हे शहरातील प्रतिष्ठित घराण्यातले असून त्यांचा संबंध तिथल्या टांकसाळीशी होता; आई एल्सा ही दुकानदाराची मुलगी होती. टांकसाळीवर थोडे थांबावे. खिशातले नाणे काढून दाखवावे आणि यावरची अक्षरे धातूत कशी उमटली, असे विचारावे. कठीण पोलादावर कोरलेला ठसा मऊ धातूवर आदळला की अक्षर उमटते, हे ज्याला कळले त्याला पुढचा निम्मा शोध कळतो.

१४३४ पासून तो स्ट्रासबुर्गमध्ये दिसतो, आणि तिथला आरशांचा प्रसंग मुलांना सर्वांत जास्त आवडतो. आखेन येथे दर सात वर्षांनी मोठी यात्रा भरत असे. तिथल्या पवित्र अवशेषांचे तेज आरशात धरून घरी नेता येते, अशी भाविकांची समजूत होती. नाथषष्ठीला पैठणच्या वाळवंटात बिल्ले, माळा आणि तसबिरींची जशी दुकाने लागतात, तसाच हा व्यापार समजावा. गुटेनबर्गने तीन भागीदार घेऊन असे आरसे मोठ्या संख्येने घडवायला घेतले, आणि १४३९ ची यात्रा एक वर्ष पुढे ढकलली गेली. माल पडून राहिला आणि भांडवल अडकले. त्याआधीच, १४३८ च्या अखेरीस, आंद्रेआस ड्रिट्सेन नावाचा एक भागीदार साथीत मरण पावला होता. त्याच्या भावांनी भागीदारीत वाटा मागत फिर्याद केली. १४३९ च्या डिसेंबरात निकाल लागून गुटेनबर्गला त्यांना अवघे पंधरा गुल्डन (त्या काळची सोन्याची नाणी) द्यावे लागले.

या खटल्यातील साक्षी हाच आपला खरा खजिना आहे. एका साक्षीनुसार, भागीदाराच्या मृत्यूनंतर गुटेनबर्गने नोकर पाठवून दाबयंत्रातील चार तुकडे सुटे करायला सांगितले, म्हणजे ते काय आहे हे कोणाला समजणार नाही. हान्स ड्युने नावाच्या सोनाराने, छपाईशी संबंधित कामातून आपण सुमारे शंभर गुल्डन मिळवले, असे सांगितले. आरशांच्या आड दुसरेच काही शिजत होते. गुटेनबर्गच्या आयुष्याबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे त्यातील बराचसा भाग अशा कोर्टाच्या आणि कर्जाच्या कागदांतून आलेला आहे, त्याचे स्वतःचे आत्मकथन नाही. हे मुलांना स्पष्ट सांगावे. ‘द्राक्षे पिळण्याचा घाणा पाहिला आणि कल्पना सुचली’ ही गोष्ट रंगवून सांगण्याचा मोह होतो. तो टाळावा.

साचा: इथे अर्धा तास द्यावा

माझ्या मते या चरित्राचा गाभा दाबयंत्रात नसून खिळा, म्हणजे एका अक्षराचा धातूचा तुकडा, ओतण्याच्या साच्यात आहे, आणि म्हणून कार्यक्रमातला सर्वांत मोठा वेळ मी त्यालाच देतो. सुटी अक्षरे जगात प्रथम गुटेनबर्गने केली, असे मुळीच सांगू नये. चीनमध्ये बी शेंगने १०४० च्या सुमारास भाजलेल्या मातीची सुटी अक्षरे केली होती आणि कोरियात १३७७ मध्ये धातूच्या सुट्या अक्षरांनी छापलेला बौद्ध ग्रंथ आजही शिल्लक आहे. गुटेनबर्गचे कर्तृत्व असे, की एकाच मापाचे हजारो खिळे झपाट्याने ओतून ते जुळवणे, छापणे आणि पुन्हा सुटे करून वापरणे ही सगळी साखळी त्याने व्यवहारात उतरवली. खिळ्यांच्या उंचीत केसाएवढा फरक पडला, तर उंच खिळा कागद फाडतो आणि बुटका उमटतच नाही.

हे दाखवण्यासाठी गावच्या सुताराकडून लाकडाचे दोन काटकोनी तुकडे करून घ्यावेत. प्रत्येकाची एक बाजू लांब असावी आणि दुसरी आखूड बाजू आतून मोजून तंतोतंत दोन सेंटिमीटर भरावी. दोन्ही तुकडे एकमेकांसमोर उलटे ठेवले की मधे चौकोनी पोकळी तयार होते. एक तुकडा सरकवला की पोकळीची रुंदी कमी-जास्त होते, उभे माप मात्र दोन सेंटिमीटरच राहते, कारण आखूड बाजूचे टोक समोरच्या लांब बाजूला टेकलेले असते. ‘र’साठी अरुंद, ‘क्ष’साठी रुंद, पण ओळीत दोघे एकाच मापाचे. हातातला साचा तो हाच, असे म्हणून तुकडे मुलांच्या हाती द्यावेत आणि काही वेळ गप्प राहावे; सरकवून पाहताना ज्याला उलगडते त्याचा चेहराच सांगतो.

नंतर ओतकाम. खोडरबरावर अक्षर उलटे आणि उठावदार कोरून घ्यावे, म्हणजे तो झाला ठसा. शाडूच्या चपट्या वडीवर तो दाबला की सुलटे, खोलगट अक्षर उमटते. छापखान्याच्या भाषेत ती मातृका. वडीवर लाकडी साचा ठेवून त्यात वितळलेले मेण ओतले की निघणाऱ्या खिळ्यावर अक्षर पुन्हा उलटे आणि उठावदार येते, आणि कागदावर ते सुलटे छापले जाते. पुढच्या काळातल्या खिळेओत्यांनी पोलादी ठसा तांब्यात ठोकून मातृका केली आणि तीत शिसे, कथील व अँटिमनी यांचा मिश्रधातू ओतला. हा धातू थोड्या उष्णतेवर वितळतो आणि पटकन थिजतो; भांड्यांना कल्हई करताना कथील कसे चटकन पसरते, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

इथे दोन सूचना. शिसे कधीही वितळवून दाखवू नये, त्याची वाफ आणि धूळ विषारी असते. मेणसुद्धा थेट ज्योतीवर न ठेवता गरम पाण्यात ठेवलेल्या वाटीत वितळवावे आणि ओतण्याचे काम मोठ्या माणसानेच करावे. शाडूची वडी आदल्या दिवशी करून अर्धवट सुकू द्यावी. पहिल्या वर्षी मी ओल्याच वडीत मेण ओतले, ते तडतडून उडाले, आणि जे थिजले ते अक्षर न राहता दगडफूल झाले. साच्याला आतून खोबरेल तेलाचे बोट फिरवले की मेण चिकटत नाही.

आपली तीन मजली लिपी

साचा समजल्यावर मुलांना गणित घालावे. रोमन लिपीत अक्षरे सव्वीस. तरीही लेखनिकांच्या हस्तलिखितासारखे पान दिसावे, म्हणून जोडअक्षरे आणि संक्षेपचिन्हे धरून गुटेनबर्गने जवळजवळ २९० वेगवेगळे खिळे वापरले. मग देवनागरीला किती लागतील? चौतीस व्यंजनांची बाराखडी म्हणजे ४०८, आणि जोडाक्षरे अजून धरलेलीच नाहीत. प्रत्येक अक्षर स्वतंत्र ओतायचे नसेल तर काना, मात्रा, वेलांट्या आणि उकार सुटे करून अक्षरांना जोडावे लागतात, आणि तिथेच खरी पंचाईत होते: वर मात्रा, मध्ये अक्षर, खाली उकार, अशी ही तीन मजली लिपी आहे.

गावाच्या नावाचे खिळे पाडायला सांगावे. ‘लातूर’ सुटसुटीत पडते. ‘अंबाजोगाई’त अनुस्वार कुठे टांगायचा, यावर वाद होतो. ‘धारूर’ला मात्र सगळे अडतात, कारण ‘रू’ मधला ऊकार खाली न जाता अक्षराच्या कुशीत बसतो, म्हणजे त्याला वेगळा खिळाच हवा. तालुक्याच्या गावी एखाद्या बंद पडलेल्या ट्रेडल (पायाने चालवायच्या यंत्राच्या) छापखान्यात खिळे ठेवायची जुनी लाकडी केस अजून असते. मालकाला विनंती केली तर तो ती आनंदाने दाखवतो आणि शक्य झाल्यास खिळे जुळवणाऱ्या जुन्या जुळाऱ्यालाही बोलावतो. शेकडो खण असलेल्या त्या केसमधून न पाहता खिळा उचलणारे बोट हे कोणत्याही तक्त्यापेक्षा प्रभावी ठरते. खिळे हाताळल्यावर हात साबणाने धुवायला लावावेत आणि खोलीत खाऊ आणू देऊ नये.

शाई, कागद, दाब

हा भाग लवकर उरकावा, पण शाईचा प्रयोग सोडू नये. स्टीलच्या चमच्यावर पेनची शाई टाकली की ती थेंब होऊन पळते. तेलातली शाई चिकटून राहते. धातूच्या खिळ्यांसाठी गुटेनबर्गला तेलाची, चकचकीत काळी शाई लागली ती यामुळेच. आपल्याकडे जवस पिकतो, हे मुलांना ठाऊक असते. जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजन घेऊन घट्ट होते आणि सुकते, शेंगदाण्याचे तेल मात्र कागदावर डाग होऊन पसरते. दोन्हींचे थेंब दोन दिवस आधी कागदावर टाकून ठेवले तर फरक बोटाला कळतो. शाईसाठी उन्हाळ्यातच जवसाचे तेल पसरट थाळीत, वर पातळ कापड बांधून, मधासारखे दाट होईपर्यंत उन्हात ठेवावे आणि बाटलीत भरून घ्यावे. त्यात दिव्याची काजळी घोटली की काम भागते. खिळ्यांना शाई लावायच्या चामड्याच्या गादीऐवजी कापसाची पुरचुंडी चालते. कापूस आपल्याला विकत आणावा लागत नाही.

कागद शक्य असल्यास कागजीपुऱ्याचा घ्यावा. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या दरम्यानच्या या गावात हातकागदाची परंपरा आहे, आणि मुहम्मद तुघलकाने चौदाव्या शतकात राजधानी दौलताबादेत हलवली तेव्हा कारागीर इथे आले, असे तिथे सांगितले जाते. चिंध्यांपासून कागद करण्याची कला युरोपात पोहोचलेली नसती, तर गुटेनबर्गला प्रत्येक प्रत चामड्यावरच छापावी लागली असती. छापण्याआधी कागद ओलसर करावा लागतो. नकलेच्या खेळात रिकामी असलेली मुले ओल्या फडक्यांच्या थरांत कागद रचून ठेवू शकतात. दाबासाठी बाइंडरचा शिकंजा मिळाला तर उत्तम. स्क्रू फिरवल्याने दाब सरळ खाली कसा जातो हे सांगायला घरचा चकलीचा पितळी सोऱ्या पुरेसा आहे.

फुस्टचा दावा

शेवटचा अर्धा तास नाटकाचा. १४४८ मध्ये गुटेनबर्ग माइन्झला परतला आणि नातेवाइकाकरवी १५० गुल्डनचे कर्ज काढले. मग योहान फुस्ट या धनिकाने १४५० मध्ये ८०० आणि १४५२ मध्ये आणखी ८०० गुल्डन दिले. त्या पैशातून दोन रकान्यांचे, ४२ ओळींचे, जवळजवळ तेराशे पृष्ठांचे बायबल उभे राहिले. सुमारे १८० प्रती निघाल्या, त्यांपैकी काही चामड्यावर. १४५५ च्या मार्चमध्ये, पुढे पोप झालेल्या पिकोलोमिनीने एका पत्रात लिहिले, की फ्रँकफर्टला दाखवलेली ती पाने चष्म्याशिवाय वाचता येतील इतकी स्वच्छ आहेत. त्याच सुमारास पापक्षालनाची छापील प्रमाणपत्रेही निघत होती, ज्यांत नाव आणि तारखेची जागा कोरी असे. आपल्या ट्रेडलवाल्यांना पावतीबुकांनी जगवले तसेच हे, असे मी दर वेळी म्हणतो, आणि दर वेळी मागे बसलेला एखादा माणूस हसतो.

६ नोव्हेंबर १४५५ रोजी माइन्झमधील फ्रान्सिस्कन मठाच्या भोजनगृहात नोटरी उलरिष हेल्मास्पेर्गर याने या वादाची नोंद केली. फुस्टची मागणी मुलांना फळ्यावर बेरीज करून काढू द्यावी: पहिले ८०० आणि त्यावर व्याज २५०, दुसरे ८०० आणि त्यावर व्याज १४०, शिवाय व्याजावरचे व्याज ३६, एकूण २०२६ गुल्डन. गुटेनबर्ग स्वतः आलाच नाही, त्याने आपली माणसे पाठवली. एक मूल फुस्ट, एक नोटरी, तीन मुले गुटेनबर्गची माणसे, आणि एक पेटर शॉफर, जो गुटेनबर्गच्या कामावरचा कसबी कारागीर असून साक्षीला फुस्टच्या बाजूने उभा राहिला आणि पुढे त्याचा जावई झाला.

मराठवाड्यात ‘सावकार’ हा शब्द उच्चारताच निकाल लागून जातो, आणि मुले फुस्टला शिव्याच घालतात. इथे सूत्रधाराने आवरायला हवे. आपण दिलेला पैसा आपणही व्याजाने उचलला होता, असे फुस्टने शपथेवर सांगितले. बायबलाची एकही प्रत विकली गेली नसताना, पहिल्या कर्जानंतर दोनच वर्षांनी, त्याने दुसऱ्यांदा ८०० घातले. आणि दुसरी रक्कम भागीदारीची होती की कर्जाची, हाच तर वादाचा मुद्दा होता. दोन्ही बाजूंना पाच-पाच मिनिटे देऊन मुलांनाच पंच नेमावे. फुस्ट आणि शॉफर यांनी १४५७ मध्ये काढलेल्या स्तोत्रग्रंथावर छपाईची तारीख आणि मुद्रकांची नावे आहेत, आणि त्यांत गुटेनबर्गचे नाव नाही, हे मात्र निकालानंतर सांगावे, आधी नाही.

उरलेले आयुष्य थोडक्यात. १४६२ मध्ये माइन्झ लुटले गेले, कारागीर पांगले आणि कला त्यांच्याबरोबर युरोपभर गेली. १४६५ मध्ये आर्चबिशपने गुटेनबर्गला दरबारी मानून दर वर्षी कपडे, धान्य आणि सुमारे दोन हजार लिटर द्राक्षमद्य लावून दिले. ३ फेब्रुवारी १४६८ रोजी तो वारला, आणि त्याच महिन्यात कोनराड हुमेरी नावाच्या गृहस्थाने लिहून दिले, की त्याच्याकडची छपाईची हत्यारे आपली होती आणि ती आपल्याला मिळाली. मराठीपर्यंतचा प्रवास विचारला गेलाच, तर १५५६ मध्ये गोव्यात आलेला छापखाना, १८०५ मध्ये बंगालमधील श्रीरामपूरला छापलेले मराठीचे व्याकरण आणि १८३१ मध्ये मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाप्रेसवर छापलेले पंचांग एवढे टप्पे पुरतात. त्या विषयाला स्वतंत्र दिवस द्यावा.

मुले आपापल्या नावाचा छापलेला ओला कागद हातात धरून निघतात. तो दोरीवर दोन दिवस वाळवल्याशिवाय दुमडू नये, असे सांगावे. छापखान्यातून आणलेले खिळे मोजून ज्या त्या खणात परत टाकावेत, कारण मिसळलेली केस पुन्हा लावायला जुळाऱ्याचा अख्खा दिवस जातो. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या आणि पुरचुंड्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून, मोकळ्या पसरून, पुस्तकांच्या कपाटापासून दूर अंगणात वाळू द्याव्यात.